सुटींतील बंद दार आणि त्यावरील पाटी



वैशाख तापूं लागला आणि शाळेची शेवटची घंटा झाली कीं, वाटूर फाट्यावर बसची वाट पाहणाऱ्यांची गर्दी होऊं लागते. कोणी मामाच्या गांवीं निघतो, कोणी लग्नाला जातो. पुण्या-मुंबईकडे नोकरी करणारे आपले पालकबंधु याच दिवसांत मुलांलेकरांसह गांवाकडे येतात. अशा वेळीं एखाद्या दुकानाच्या बंद दारावर खडूनें लिहिलेली पाटी आपण पाहिली असेल : "घरच्या लग्नानिमित्त दुकान गुरुवारपर्यंत बंद. निकड असल्यास शेजारच्या दुकानांत विचारावें." अक्षर वेडेंवांकडें असतें, परंतु उन्हांतून लांबून आलेलें गिऱ्हाईक ती पाटी वाचून न रागावतां परत फिरतें. दार बंदच असतें, पण पाटीमुळें तें मुकें राहत नाहीं.

आतां आपल्या घरांना आणखी एक दार झालें आहे. तें लांकडाचें नाहीं व त्याला कडीकोयंडाही नाहीं. तें ई-मेलचें दार होय. शाळेचे दाखले, महाविद्यालयांतील प्रवेश, नोकरीचे अर्ज, शिष्यवृत्तीचा पत्रव्यवहार हें सर्व आज पुष्कळ अंशीं याच दारानें येतें-जातें. आणि योग असा कीं, यांतील बरीचशी धांदल मे व जून या दोन महिन्यांतच असते. म्हणजे ज्या दिवसांत आपण घरीं नसतों, नेमक्या त्याच दिवसांत. म्हणून सुटीला जातांना या दारावर पाटी कशी लावावी, तिच्यावर काय लिहावें व काय लिहूं नये, याचा थोडा विचार या लेखांत करावयाचा आहे.

हा विषय मला कोणत्याही पुस्तकानें शिकविला नाहीं. माझ्याच एका चुकीनें शिकविला. कांहीं वर्षांपूर्वीं मे महिन्यांत मी सहकुटुंब सासुरवाडीस गेलों होतों. तेथें फोनला पुरती रेंज मिळत नसे, आणि खरें सांगावयाचें तर ती मिळावी अशी मलाही फारशी इच्छा नव्हती. त्या अवधींत आमच्या एका माजी विद्यार्थ्याचें पत्र ई-मेलनें आलें. त्याचे आईवडील ऊसतोडीस जात. तो स्वतः परगांवीं महाविद्यालयांत शिकत होता. एका शिष्यवृत्तीसाठीं त्याला शाळेचें शिफारसपत्र हवें होतें, व मुदत ३१ मेपर्यंत होती. पहिल्या पत्राला उत्तर आलें नाहीं म्हणून त्यानें दुसरें लिहिलें. मग तिसरें लिहिलें. मी १० जूनला परत येऊन संगणक उघडला, तेव्हां तीं तिन्ही पत्रें एकाखालीं एक दिसलीं. तिसऱ्या पत्रांत मागणी नव्हतीच. "गुरुजी, माझें कांहीं चुकलें असल्यास क्षमा असावी," एवढेंच होतें.

मुदत टळून गेली होती. त्या वर्षीं त्यानें सायंकाळीं एका दुकानांत काम करून आपलें शिक्षण चालविलें. मीं त्याची क्षमा मागितली, त्यानेंही मन मोठें केलें. परंतु ज्या मुलाचें कांहींच चुकलें नव्हतें त्याला कित्येक दिवस आपलेंच चुकलें असें वाटत राहिलें, ही गोष्ट मला अजून विसरतां येत नाहीं. अधिक खेदाची गोष्ट ही कीं, त्या सबंध सुटींत शाळेचें कार्यालय उघडें होतें. तेथें जा, एवढें त्याला कोणी सांगितलें असतें, तर तें शिफारसपत्र त्याला एका दिवसांत मिळालें असतें. मी सुटीवर गेलों यांत दोष नव्हता. पाटी न लावतां गेलों, यांत होता.

आतां ही पाटी म्हणजे काय तें पाहूं. ई-मेलच्या बहुतेक सेवांत अशी सोय असते कीं, आपण एकदां मजकूर लिहून जाण्याची व परतण्याची तारीख देऊन ठेवली, म्हणजे त्या दोन तारखांच्या दरम्यान येणाऱ्या पत्रांना यंत्र आपल्या वतीनें तेंच उत्तर धाडतें. यालाच आपण येथें "सुटीचें उत्तर" म्हणूं. ही युक्ति कांहीं आजची नव्हे. अमेरिकेंत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत एरिक ऑलमन यांनीं १९८३ च्या सुमारास "व्हेकेशन", म्हणजे सुटी, याच नांवाची एक आज्ञावली लिहिली. तींत एक मोठें शहाणपण होतें. ज्याला एकदां उत्तर गेलें त्याचें नांव यंत्र टिपून ठेवी, आणि सामान्यतः आठवडाभर त्याच मनुष्याला तेंच उत्तर पुन्हां देत नसे.

याचें कारण उघड आहे. समजा, पत्र लिहिणारा व पत्र घेणारा असे दोघेही सुटीवर आहेत. एकाच्या यंत्रानें दुसऱ्याच्या यंत्राला उत्तर दिलें, त्या उत्तरालाही दुसऱ्यानें उत्तर दिलें, तर दोन पोपटांसारखा हा संवाद सुटी संपेपर्यंत चालेल व पत्रपेटी फुकट भरून जाईल. हें टाळण्यासाठीं २००४ सालीं इंटरनेटच्या तंत्रज्ञांनीं नियमही लिहून काढले. आपोआप धाडलेल्या पत्रावर तशी खूण असावी, आणि अशी खूण असलेल्या पत्राला दुसऱ्या यंत्रानें उत्तर देऊं नये, असा त्यांतील एका नियमाचा आशय आहे. जीमेलवर एकाच मनुष्याचीं अनेक पत्रें आलीं तरी त्याला साधारणतः चार दिवसांतून एकदांच उत्तर जातें, आणि जीं पत्रें यंत्रानें निरुपयोगी म्हणून बाजूला टाकलीं त्यांना मुळींच जात नाहीं. तात्पर्य, धाडण्याची चिंता यंत्रावर सोंपवावी. शब्द मात्र आपले हवेत.

ते शब्द कोणते? दार ठोठावणाऱ्याच्या मनांत तीन प्रश्न असतात. माझें पत्र पोंचलें काय? हा मनुष्य परत केव्हां येणार? आणि तोंवर मीं काय करावें? या तीन प्रश्नांचीं उत्तरें ज्या मजकुरांत आहेत तो मजकूर पुरा समजावा.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर "आपलें पत्र पोंचलें आहे" असें द्यावें. "वाचलें आहे" असें लिहूं नये. कारण तें आपण वाचलेलें नसतें. यंत्राच्या तोंडूनही असत्य बोलूं नये. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर तारखेनें द्यावें. "लवकरच परत येईन" ही तारीख नव्हे. लवकर म्हणजे दोन दिवस कीं दोन महिने, हें वाचणाऱ्यास कसें कळावें? तारीख लिहितांना महिन्याचें नांव अक्षरांत लिहावें. ६/५ म्हणजे आपल्याकडे ६ मे, परंतु अमेरिकेंत राहणारा आपला एखादा आप्त तीच तारीख ५ जून अशी वाचील. आणखी एक. आपण घरीं पोंचण्याची तारीख व उत्तरें देऊं लागण्याची तारीख या दोहोंत अंतर ठेवावें. सहा आठवड्यांचीं साचलेलीं पत्रें एका सकाळींत संपत नाहींत. जें वचन पाळतां येईल तेंच द्यावें.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि बहुतेक लोक नेमका तोच विसरतात. आपल्या पाठीमागें काम कोण पाहणार, त्यांचें नांव, त्यांची वेळ व त्यांना गांठण्याचा मार्ग लिहावा. अर्थात् त्या मनुष्यास आधीं विचारूनच नांव द्यावें. न विचारतां दुसऱ्याच्या अंगणांत गिऱ्हाईक धाडणें हा शेजारधर्म नव्हे. कोणीच पाहणारें नसेल तर तसेंही स्पष्ट लिहावें, म्हणजे वाचणारा दुसरी वाट शोधील. जर्मनींतील डाइम्लर या मोटार करणाऱ्या कंपनीनें २०१४ सालीं आपल्या नोकरांसाठीं अशी सोय केली कीं, सुटींत आलेलें पत्र यंत्रानें चक्क पुसून टाकावें. ऐकतांना हें कठोर वाटतें. परंतु तेथेंही पत्र धाडणाऱ्यास "आपलें पत्र पुसलें गेलें आहे, निकड असल्यास अमक्यास लिहावें" असें लगेच कळविलें जाई. विश्रांति घेण्याचा हक्क त्यांनीं पुरता राखला; पण पत्र लिहिणाऱ्याला अंधारांत ठेविलें नाहीं.

आतां मायन्याविषयीं. आपल्या पत्रलेखनांत वडिलांस शिरसाष्टांग नमस्कार, बरोबरीच्यास सप्रेम नमस्कार आणि लहानांस आशीर्वाद, अशी रीत आहे. परंतु यंत्रास लहानथोर कळत नाहीं. तेंच उत्तर मुख्याध्यापकांस जाईल, बँकेस जाईल, आणि सातवींतल्या भाच्यासही जाईल. म्हणून मधला मायना घ्यावा, "सप्रेम नमस्कार". आणि संबोधन "आपण" ठेवावें. त्यानें लहानाचा मान वाढतो व थोराचा कमी होत नाहीं. "आपलें पत्र पोंचलें" या वाक्याची आणखी सोय अशी कीं, लिहिणारा पुरुष आहे कीं स्त्री, हें जाणण्याची त्यांत गरज पडत नाहीं.

आपुलकी अवश्य असावी, पण थट्टा बेतानें करावी. "आंब्याखालीं निजलों आहें, उठवूं नका" हें मित्राला वाचून हंसूं येईल. परंतु त्याच दिवशीं कोणी आपल्या घरचें दुःख कळविलें असेल, तर त्यालाही यंत्र हेंच ऐकवील. पाटी लिहून झाली म्हणजे ती एकदां अशा दुःखी मनुष्याच्या डोळ्यांनीं वाचून पाहावी. तेथें जी खटकणार नाहीं ती कोठेंच खटकणार नाहीं.

भाषेचाही विचार करावा. याविषयीं २००८ सालीं वेल्स देशांतील स्वान्सी येथें घडलेली गोष्ट मनोरंजक आहे. अवजड वाहनांना प्रवेश नाहीं, अशा अर्थाची रस्त्यावरील पाटी इंग्रजी व वेल्श अशा दोन्ही भाषांत लावावयाची होती. तेथील नगरपालिकेनें इंग्रजी मजकूर भाषांतरासाठीं ई-मेलनें धाडला. वेल्श भाषेंत उत्तर आलें, आणि तेंच भाषांतर समजून पाटीवर रंगविण्यांत आलें. वेल्श जाणणाऱ्यांनीं ती पाटी वाचली तेव्हां तिचा अर्थ निघाला, "मी सध्यां कार्यालयांत नाहीं. भाषांतराचें काम असल्यास धाडून द्यावें." तें भाषांतरकाराचें सुटीचें उत्तर होतें! त्याचा मजकूर बरोबर होता. पण तो ज्याला मिळाला त्याला ती भाषा येत नव्हती. म्हणून ज्यांना मराठी येत नाहीं अशांचीं पत्रें आपणांस येत असतील, तर मराठी मजकुराखालीं तोच मजकूर इंग्रजींत वा हिंदींत दोन ओळींत द्यावा. मराठी मात्र गाळूं नये. आपल्या विद्यार्थ्यांच्या आईवडिलांना तीच आधीं कळते.

एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. हें उत्तर ओळखीच्याला जातें तसें अनोळखी मनुष्यालाही जातें. म्हणून "आम्ही सर्व कुटुंब पंधरा दिवस परगांवीं आहों, घर बंद आहे" असें लिहिणें म्हणजे चोरास आमंत्रण होय. आपण कोठें आहों हें लिहिण्याची गरजच नसते. परत केव्हां, एवढें पुरे. घरगुती पत्त्यासाठीं जीमेलवर असेंही ठरवितां येतें कीं, ज्यांचीं नांवें आपल्या यादींत आहेत त्यांनाच उत्तर जावें. मात्र ज्या पत्त्यावर नव्या माणसांचीं पत्रें येतात, त्यासाठीं ही अट घालूं नये.

वरील सर्व गोष्टी ध्यानांत ठेवून मी हल्लीं लावतों ती पाटी येथें देतों. २०२६ च्या सुटीच्या तारखा घातल्या म्हणजे ती अशी होईल :

"सप्रेम नमस्कार.
आपलें पत्र पोंचलें आहे. शाळेस सुटी असल्यानें सोमवार, ४ मेपासून शनिवार, १३ जूनपर्यंत मला पत्रें पाहतां येणार नाहींत. बुधवार, १७ जूनपर्यंत आपणांस माझें उत्तर मिळेल.
दाखला, गुणपत्रक किंवा शिफारसपत्र हवें असल्यास तोंवर थांबूं नये. शाळेच्या कार्यालयाच्या पत्त्यावर लिहावें. तेथें आपलें काम होईल.
सुटी आपणांसही सुखाची जावो.
आपला लोभाभिलाषी,"

याखालीं नांव व कार्यालयाचा पत्ता. सारा मजकूर एका दमांत वाचून होतो, आणि "थांबूं नये" हे दोन शब्द मीं कोणासाठीं घातले आहेत हें वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल.

परत आल्यावर दोन कामें करावीं. पाटी उतरली आहे ना, हें प्रथम पाहावें. कारण परतीची तारीख घालावयास विसरलों तर पोळ्यापर्यंतही आपण उन्हाळी सुटींतच आहों असें यंत्र सांगत राहील. दुसरें, ज्यांनीं पाटी वाचून वाट पाहिली त्यांना आधीं लिहावें.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकीं पुष्कळांच्या आईवडिलांस हें यंत्रकौशल्य अवगत नसेल, परंतु तुमचीं बोटें त्यांत तरबेज आहेत. तेव्हां सुटीला निघण्याच्या आदल्या दिवशीं, पेटी भरतां भरतां, त्यांच्याजवळ बसून एवढी पाटी लिहून लावा. काम दहा मिनिटांचें आहे. मजकूर त्यांना सांगूं द्या, तुम्ही तो शुद्ध लिहा, आणि लावण्यापूर्वीं एकदां मोठ्यानें वाचून दाखवा. मग दाराला कुलूप घालून निश्चिंत मनानें मामाच्या गांवीं जा.