आधी काय अडलंय ते सांगा

टॉवरच्या साइटवर स्लॅब भरायच्या आदल्या दुपारी वर जाऊन उभं राहावं. सुतारांचं सेंट्रिंग ठोकून झालेलं असतं. फिटर खालची जाळी बांधून, तिच्याखाली कव्हर ब्लॉक सरकवून वरच्या सळयांना हात घालतात. या दोन जाळ्यांच्या मधून इलेक्ट्रिशियनचे पाइप जायचे, ही रीत. पण तो शेजारच्या विंगमध्ये अडकलेला असतो आणि येतो तेव्हा वरची जाळी बांधून झालेली असते. मग बांधलेल्या तारा सुटतात, सळया पहारीने उचलल्या जातात, पाइप कसाबसा आत सरकतो आणि फिटरची माणसं तेच काम दुसऱ्यांदा करायला बसतात. टॉयलेटच्या स्लीव्हचं ड्रॉइंग अजून यायचंच असतं. रेडिमिक्सच्या गाड्या मात्र सकाळसाठी सांगून ठेवलेल्या असतात, आणि प्लांटवर भरलेली गाडी साधारण दोन तासांत रिकामी व्हावी लागते.

यात आळशी कोणीच नाही. वेळ गळतो तो एका पथकाचं काम दुसऱ्याच्या हाती जाताना.

फिनलंडचे लौरी कोस्केला यांनी 1992 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका अहवालात या गळतीचा माग काढला. टोयोटाच्या कारखान्यांतून निघालेला, नासाडी टाळण्याचा ‘लीन’ विचार बांधकामाला लावताना त्यांना दिसलं की आपला सगळा हिशेब प्रत्यक्ष कामाचा असतो: किती टन सळई, किती चौरस फूट प्लास्टर. मालाची हलवाहलव, खोळंबा, तपासणी, फेरकाम हे कुठल्याच रकान्यात येत नाही. 2004 साली त्यांनी नासाडीचा आणखी एक प्रकार नोंदवला: लागणाऱ्या सगळ्या गोष्टी हाताशी नसताना काम रेटून सुरू करणं. आपल्याकडे याला कर्तबगारी समजतात. कोस्केलांनी ते नासाडीच्या यादीत टाकलं, आणि त्या स्लॅबवरची उकललेली जाळी पाहिली की त्यांचं म्हणणं पटतं.

मग काम सुरू कधी करायचं? ड्रॉइंग, माल, माणसं, यंत्र, जागा, आधीच्या पथकाचं पुरं झालेलं काम आणि पाऊस-परवानगीसारखी बाहेरची परिस्थिती, या सात गोष्टी जुळल्या की. साइटवरच्या कोणालाही हे ठाऊक असतं. विचारत मात्र कोणी नाही.

विचारण्याची पद्धत बसवली ग्लेन बॅलर्ड आणि ग्रेग हॉवेल या अमेरिकनांनी. तिचं नाव लास्ट प्लॅनर. ऑफिसातला बार चार्ट कितीही देखणा असो, उद्या कोणत्या माणसाने कुठे उभं राहायचं हे शेवटी ठरवतो तो मुकादम. म्हणून दर आठवड्याच्या बैठकीत त्यालाच बसवायचं. पुढच्या सहाएक आठवड्यांची कामं भिंतीवर रंगीत चिठ्ठ्यांनी मांडायची आणि प्रत्येक कामाला काय अडतंय ते आधी बोलायचं. अडथळा दूर झालेलं कामच येत्या आठवड्याच्या यादीत घ्यायचं. आठवडा संपला की मोजायचं: शब्द दिलेल्या 20 कामांपैकी 11 पुरी झाली, म्हणजे 55 टक्के. अर्धवट कामाला शून्य. आणि राहिलेल्या प्रत्येक कामापुढे कारण लिहायचं. बॅलर्ड-हॉवेल यांनी अमेरिकेतल्या साइट्सवर हे मोजायला सुरुवात केली तेव्हा आकडा निम्म्याच्या जरासा वर होता.

आपल्या साइटवर ही बैठक अवघड जाते ती पहिल्याच प्रश्नाला. ‘गुरुवारपर्यंत होईल?’ असं इंजिनिअर विचारतो आणि मुकादम म्हणतो, ‘हो जायेगा, साब.’ सळई आलेली नाही हे त्याला माहीत असतं, आणि बहुतेक वेळा इंजिनिअरलाही. पण नाही म्हणणारा कामचुकार ठरतो, पुढचं काम दुसऱ्या पेटी कंत्राटदाराकडे जातं. त्या होकारावर विसंबून प्लंबर माणसं बोलावतो आणि ती दिवसभर बसून राहतात. मुकादमाने निर्धास्तपणे ‘या आठवड्यात नाही’ म्हणावं, सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे. हे जमलं नाही तर भिंतीवरच्या चिठ्ठ्या म्हणजे निव्वळ सजावट.

खोट्या होकाराची किंमत समजायला हॉवेल यांचा फाशांचा एक खेळ फार उपयोगी पडतो. 1999 साली त्यांनी, आयरिस टॉमलाइन आणि डेव्हिड रायली यांनी त्यावर शोधनिबंधही लिहिला. सात जणांनी ओळीत बसायचं, म्हणजे सात पथकं. पहिल्याकडे 35 ठोकळे. फासा पडेल तेवढे पुढच्याला द्यायचे, पण आपल्याजवळ असतील तेवढेच. दर आठवड्याला प्रत्येकाने बरोबर 5 दिले तर 13 व्या आठवड्यात काम आटोपतं. आता फाशावर फक्त 1 आणि 9 ठेवा. सरासरी 5 च राहते, काम मात्र बहुधा बरंच लांबतं, कारण 9 पडतात तेव्हा हातात ठोकळेच नसतात. ती हुकलेली संधी परत येत नाही. ‘माणसं वाढवा’ हा साइटवरचा नेहमीचा उपाय इथे लागू पडत नाही. काम हाती येण्यातला चढउतार कमी करावा लागतो.

हे विचार भारतात पोचून बरीच वर्षं झाली. या विषयाच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय परिषद 1993 साली फिनलंडमध्ये सुरू झाली, ती 2018 साली चेन्नईत भरली. मोठ्या कंपन्यांच्या साइट ऑफिसात चिठ्ठ्यांच्या भिंती दिसतात. करार मात्र जुनेच आहेत. फिटरला पैसे टनावर, प्लास्टरवाल्याला चौरस फुटावर. इलेक्ट्रिशियनसाठी फिटर दिवसभर थांबला तर इमारतीचा फायदा, पण त्याची रोजी बुडते. मग तो वरची जाळी बांधून मोकळा होतो, आणि त्याचं चुकतं असं म्हणवत नाही. करार वेगळाही असू शकतो. कॅलिफोर्नियात कॅस्ट्रो व्हॅलीचं सटर हेल्थचं रुग्णालय बांधताना मालक, वास्तुरचनाकार, ठेकेदार असे 11 पक्ष एकाच करारावर सह्या करून नफ्यातोट्यात भागीदार झाले होते.

आपल्या पेटी कंत्राटदाराला एवढ्या मोठ्या करारात लगेच कोणी घेणार नाही. पण त्याच्या मुकादमाला दर आठवड्याला बैठकीत बसवायचं, तर त्या वेळेचे पैसे दरपत्रकात वेगळी बाब म्हणून यायला हवेत. आणि इलेक्ट्रिशियनची वाट पाहत फिटर थांबला, तर त्या दिवसाची हजेरी त्याच आठवड्याच्या बिलात लागायला हवी.