घटस्फोटाच्या तारखा आणि आपल्या लेकीबाळींचे आयुष्य

मुखेड तालुक्यातल्या एका वाडीवरून मायलेकी माझ्याकडे आल्या होत्या. लेकीचे वय असेल पंचवीस-सव्वीस. कडेवर चार वर्षांचे लेकरू. आईने पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढून टेबलावर ठेवला. बॉण्डपेपरवरचा फारकतनामा. खाली पाच पंचांच्या सह्या, नवरा-बायकोचे अंगठे, नोटरीचा गोल शिक्का. आई म्हणाली, "ताई, फारकत होऊन तीन सालं झाली. आता पोरीला चांगलं स्थळ आलंय. पण ते लोक म्हणत्यात, कोर्टाचा कागद पायजे. तेवढा काढून द्या. किती दिस लागतील?"

मी त्या माउलीला काय सांगणार? पंचांनी शिक्का मारून दिलेल्या त्या कागदाने घटस्फोट झालाच नव्हता. तिची लेक कायद्याने अजून त्याच नवऱ्याची बायको होती. ज्या दिवशी न्यायालयात अर्ज द्यायला हवा होता, त्या दिवशी तिच्या हातात बॉण्ड दिला गेला. तीन वर्षे फुकट गेली होती आणि खरे काम अजून सुरूही झाले नव्हते.

"किती दिस लागतील?" हा प्रश्न आमच्या कचेरीत आठवड्यातून चार वेळा येतो. त्याचे उत्तर समाजाला नीट मिळाले पाहिजे. कारण हा प्रश्न नुसता कोर्टकचेरीचा नाही, आपल्या चळवळीच्या इमानाचा आहे.

वाचकहो, घटस्फोटाचा हक्क बाईला कोणी दान म्हणून दिलेला नाही. बडोदा संस्थानात १९३१ साली आणि मुंबई प्रांतात १९४७ साली असा कायदा झाला. पण मुखेड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. मुंबईचा कायदा आपल्या आज्या-पणज्यांच्या कामाचा नव्हता. हा हक्क देशभरच्या स्त्रीला मिळावा म्हणून देशाचे पहिले कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर हिंदू कोड बिलासाठी झुंजले. सनातन्यांनी रान उठवले. सप्टेंबर १९५१ मध्ये अवघी चार कलमे मंजूर होऊन बिल बासनात गेले. त्याच महिन्याच्या २७ तारखेला बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याला इतरही कारणे होती, पण बिलाची झालेली हेळसांड हे त्यातले मोठे कारण. पुढे १८ मे १९५५ पासून हिंदू विवाह कायदा लागू झाला. त्याच्या कलम २ प्रमाणे तो बौद्धांनाही लागू आहे. बौद्धांसाठी स्वतंत्र विवाह कायदा हवा, ही आपली मागणी जुनी आहे आणि ती आपण करत राहू. पण तो होईपर्यंत आपल्या लेकीबाळींचे भवितव्य याच कायद्यावर ठरणार आहे, हे विसरून चालणार नाही.

आता हिशेब पाहू. नवरा-बायको दोघेही राजी असतील तर कलम १३-ब. हे कलम १९७६ च्या दुरुस्तीने आले. दोघे किमान एक वर्ष वेगळे राहत असले पाहिजेत. दोघांनी मिळून अर्ज द्यायचा आणि सहा महिन्यांनंतर, अठरा महिन्यांच्या आत, पुन्हा न्यायालयापुढे येऊन आम्ही राजी आहोत असे सांगायचे. ही सहा महिन्यांची मुदतही न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २०१७ रोजी अमरदीप सिंग खटल्यात सांगितले. त्यासाठी वेगळे राहून दीड वर्ष उलटलेले असावे, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत आणि पोटगी, मुलांचा ताबा हे सगळे मिटलेले असावे. म्हणजे दोघे राजी असतील तर काम काही महिन्यांचे आहे. मात्र शेवटचा हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो आणि तसे झाले की सगळे मुसळ केरात.

एक जण राजी नसेल तर कारण सिद्ध करावे लागते. छळ असेल, दोन वर्षे टाकून दिलेले असेल, दुसरा घरोबा असेल. लग्नाला वर्ष झाल्याशिवाय अर्ज देता येत नाही. अगदी असह्य परिस्थिती असेल तरच न्यायालय तशी परवानगी देते. पण एकदा अर्ज दाखल झाला की कलम २१-ब काय म्हणते? शक्यतो रोजच्या रोज सुनावणी घ्यावी आणि नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत प्रकरण संपवण्याचा प्रयत्न करावा. म्हणजे कायद्याच्या मनात सहा महिने आहेत. मग आपल्या बाईच्या वाट्याला पाच-पाच, सात-सात वर्षे का येतात?

पहिली अडचण त्या 'नोटीस बजावल्यापासून' या शब्दांतच आहे. सहा महिन्यांचे घड्याळ सुरू होते ते नवऱ्याच्या हातात नोटीस पडल्यावर. आणि आपला माणूस घरी असतो कधी? दसरा-दिवाळी झाली की मुखेड-कंधारच्या डोंगरपट्ट्यातील वाड्या-तांडे ओस पडतात. कोणी ऊसतोडीला, कोणी पुण्याला बांधकामावर, कोणी हैदराबादेला. बेलिफ गावात जातो, दाराला कुलूप पाहतो आणि 'गावी राहत नाही' असा शेरा मारून परत येतो. पुढची तारीख दीड-दोन महिन्यांनी. असे तीन वेळा झाले की वर्ष सरले. पुष्कळदा नवरा घरातच असतो आणि सासूच दाराशी "पोरगा कुठाय ठावं नाही" म्हणते. यावर कायद्यात उपाय आहे. नोटीस घेण्यास नकार दिला तर ती बजावली असे धरता येते. माणूस नोटीस चुकवतो हे पटवून दिले तर न्यायालय दारावर नोटीस चिकटवण्याचा किंवा वर्तमानपत्रात देण्याचा हुकूम करते. पण तो अर्ज कोणी तरी करावा लागतो. आणि मुद्दाम खोटा पत्ता घालून एकतर्फी हुकूम मिळवण्याचा शहाणपणा कोणी करू नये. समोरचा पुढे येऊन तो हुकूम रद्द करून घेतो आणि खेळ पुन्हा पहिल्या घरावर येतो.

दुसरी अडचण पोटगीची, आपल्याकडच्या भाषेत खावटीची. कलम २४ खाली खटला चालू असतानाची खावटी मागता येते. नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत तिचा निर्णय द्यावा, असे २००१ च्या दुरुस्तीने सांगितले. फौजदारी संहितेच्या जुन्या कलम १२५ ची जागा १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली, तिथेही अंतरिम खावटीला शक्यतो साठच दिवस. पण नवरा न्यायालयात उभा राहून सांगतो, "साहेब, मी मजूर, मला उत्पन्न नाही." आता ऊसतोडीचा हिशेब आठवा. मुकादम उचल देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. उचल नवऱ्याच्या नावावर, ऊस दोघांनी तोडायचा, मोळ्या बाईने डोक्यावरून वाहायच्या. वर्षानुवर्षे जिच्या घामावर अर्धा कोयता उभा राहिला, तिचे नाव कोणत्याच वहीत नाही. आणि खावटीची वेळ आली की कोयत्याला उत्पन्नच नसते! सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश खटल्यात सांगितले आहे की दोघांनीही आपल्या मिळकतीचे शपथपत्र द्यावे आणि खावटी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. मुकादमाची उचल त्या शपथपत्रात आणायला भाग पाडणे हे वकिलाचे काम आहे आणि त्याची माहिती गोळा करून देणे हे कार्यकर्त्याचे. खावटी मिळाली नाही तर बाईकडे पुढच्या तारखेला यायला एसटीचे भाडेही नसते. मग ती तारखेला गैरहजर राहते आणि अर्ज निकाली निघतो. पुष्कळ नवरे त्याचीच वाट पाहत असतात. "खावटी सोडली असं लिहून दे, मग सही करतो," असा सौदा तिथेच होतो. लेकराची खावटी आईलासुद्धा सोडून देता येत नाही, तो लेकराचा हक्क आहे, हे त्या वेळी तिला सांगणारा कोणी जवळ नसतो.

तिसरी अडचण पुरावा आणि अपिले. पुण्याच्या दास्ताने कुटुंबाचा खटला कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतो. नवऱ्याने १९६२ साली अर्ज दिला. खालच्या न्यायालयाने विभक्त राहण्याचा हुकूम दिला, जिल्हा न्यायालयाने तो फिरवला, उच्च न्यायालयाने जिल्ह्याचा निकाल कायम केला आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला १९ मार्च १९७५ ला. तेरा वर्षांनी नवऱ्याचे अपील फेटाळले गेले. ही शिकल्यासवरल्या माणसांची गत, तर वाडीवरच्या बाईची काय होणार? पण या निकालात आपल्यासाठी एक मोठा धडा आहे. न्यायालय म्हणाले, छळ झाला हे खरे. पण त्यानंतर दोघे पुन्हा पती-पत्नी म्हणून राहिले, म्हणजे झालेला छळ माफ केला असे धरले जाईल. आता आपले पंच काय करतात? मारहाण झाली की बैठक बसते आणि "जाऊ दे बाई, नांद" म्हणून तिला परत पाठवतात. अशा चार बैठका झाल्यावर ती न्यायालयात येते तेव्हा नवऱ्याचा वकील पहिला मुद्दा हाच काढतो. पुन्हा छळ झाला तर माफ केलेला जुना छळही जिवंत होतो, हे त्याच निकालात आहे. पण त्यासाठी प्रत्येक वेळची नोंद हवी. दवाखान्याचा कागद, ठाण्यातली तक्रार, साक्षीदार. बैठकीत गोड बोलून मिटवलेल्या छळाचा कागद कुठे असतो?

काही जण म्हणतात, संसार पार मोडला आहे एवढे दाखवून घटस्फोट मिळत नाही का? १ मे २०२३ च्या शिल्पा शैलेश निकालाने असा घटस्फोट देता येतो, पण तो अधिकार संविधानाच्या अनुच्छेद १४२ खाली फक्त सर्वोच्च न्यायालयाचा. संसदेत तसे विधेयक आले होते. राज्यसभेने ते २०१३ मध्ये मंजूरही केले, पण पुढे ते बारगळले. तालुक्याच्या न्यायालयात हे कारण अजून चालत नाही.

आता पुन्हा त्या बॉण्डपेपरकडे येऊ. कायद्याच्या कलम २९ ने रूढीने होणारी फारकत राखून ठेवली आहे, हे खरे. पण ती रूढी जुनी आहे, अखंड आहे आणि समाजात सर्वमान्य आहे, हे पुराव्याने सिद्ध करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या यमनाजी जाधव खटल्यात हे स्पष्ट केले आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे रूढीचा पुरावा नव्हे. आणि धम्मबांधवांनो, याहून मोठा प्रश्न आपल्या मनाला विचारा. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण नागपुरात जुना धर्म आणि त्याच्या रूढी टाकल्या. लग्न आपण त्रिशरण-पंचशीलाने लावतो. मग लग्न मोडताना त्याच जुन्या जातीची काडीमोड कशी आठवते? न्यायालयात उभे राहून 'आमच्या जातीची ही पूर्वापार रूढी आहे' असे शपथेवर सांगायचे, हे बौद्ध म्हणवणाऱ्याला शोभते का? त्या बॉण्डच्या भरवशावर बाईने दुसरे लग्न केले तर ते लग्न रद्दबातल ठरते, द्विविवाहाचा गुन्हा तिच्याच डोक्यावर येतो आणि त्या नवऱ्याच्या पेन्शनवर तिचा हक्क राहत नाही. पंच मात्र मोकळे!

मग करायचे काय? विहारात लग्न लागले की त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीत विवाहनोंदणी झाली पाहिजे. विहारानेही आपली वही ठेवावी. लग्न झाले होते हेच सिद्ध करण्यात वर्ष जाणारी प्रकरणे मी पाहिली आहेत. अर्ज बाईच्या माहेरच्या न्यायालयात देता येतो, ही सोय २००३ पासून आहे. तिला नवऱ्याच्या गावी खेटे घालायची गरज नाही. खावटीचा अर्ज मूळ अर्जाबरोबर त्याच दिवशी द्यावा. नवऱ्याचा, मुकादमाचा, कामाच्या ठिकाणाचा पत्ता तरुणांनी शोधून द्यावा. महाराष्ट्रात घटस्फोट आणि खावटीच्या दाव्यात स्त्रियांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. कोणतीही स्त्री आणि अनुसूचित जातीची कोणतीही व्यक्ती, उत्पन्न कितीही असो, तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मागू शकते. आणि पंचांनी बैठक जरूर घ्यावी, दोघे राजी असतील तर अटीही ठरवाव्यात. फक्त त्या अटी बॉण्डवर न लिहिता कलम १३-ब च्या अर्जात लिहाव्यात. तेच पंच, त्याच अटी, तोच दिवस. फरक इतकाच की त्या कागदाने बाई खरोखर मोकळी होते.

त्या मायलेकींचे तसेच केले. जुन्या पंचांपैकी दोघांना बोलावले, नवऱ्याला समजावले, लेकराची खावटी ठरवून घेतली आणि संमतीचा अर्ज दाखल केला. वेगळे राहून तीन वर्षे झालीच होती, म्हणून सहा महिन्यांची मुदत माफ करण्याचा अर्जही दिला. चार महिन्यांत हुकूम हातात आला. तेवढे दिवस ते स्थळ थांबले.

हुकूम घेताना ती मुलगी एवढेच म्हणाली, "ताई, हे चार महिन्यांत होत होतं, तर मग तीन सालं कशाला गेली?" तिला मी उत्तर दिले नाही. ते उत्तर ज्यांनी त्या बॉण्डवर सह्या केल्या त्यांनी, आणि ज्यांनी शेजारी बसून ते होऊ दिले त्या आपण सर्वांनी द्यायचे आहे.

जयभीम!