साडेनऊ सुतांचं दार

सुतारांच्या मापात एका इंचाची आठ सुतं. दहा सूत म्हणजे सव्वा इंच. साडेनऊ सूत म्हणजे त्याहून अर्धं सूत कमी, जवळपास तीस मिलिमीटर. उत्तर अमेरिकेत जांभळ्या मार्टिन पक्ष्यांसाठी घरं उभारणारे लोक या अर्ध्या सुताला जिवापाड जपतात. घराच्या दाराची उंची साडेनऊ सूत ठेवली, तर मार्टिन आत शिरते आणि स्टार्लिंग सहसा बाहेर राहतो. दहा सूत झाली की स्टार्लिंगलाही वाट मिळते. मग अंडी फुटतात, पिल्लं मरतात, कधी कधी अंड्यांवर बसलेली मादीही आतच मारली जाते.

जांभळी मार्टिन भिंगरीच्या कुळातली. उत्तर अमेरिकेतल्या भिंगऱ्यांमध्ये आकाराने सर्वांत मोठी. लांबी सुमारे वीस सेंटिमीटर, वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास. नराच्या अंगावर गडद निळा-जांभळा तजेला असतो. खाणं सगळं उडता उडता, हवेतले किडे टिपून. हिवाळा दक्षिण अमेरिकेत, मुख्यतः ब्राझीलमध्ये काढायचा आणि विणीसाठी उत्तरेला यायचं, हा तिचा वर्षाचा क्रम. यॉर्क विद्यापीठाच्या ब्रिजेट स्टचबरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मार्टिनच्या पाठीवर प्रकाश नोंदवणारी इवली उपकरणं बांधली. 2009 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा कळलं की त्यांतली एक मादी ॲमेझॉनच्या खोऱ्यातून साडेसात हजार किलोमीटर उडून तेरा दिवसांत परतली होती. इतका पल्ला तोडून आल्यावर तिला लागते ती एक कोरडी, अंधारी, सुरक्षित पोकळी.

ही पोकळी आता माणूसच देतो. अमेरिकेच्या पश्चिमेला काही मार्टिन अजून सुतारपक्ष्यांनी कोरून सोडलेल्या ढोलीत राहतात. ॲरिझोनाच्या वाळवंटात सग्वारो निवडुंगातल्या भोकांत त्यांची घरटी असतात. रॉकी पर्वताच्या पूर्वेला मात्र जवळजवळ सगळी वीण माणसांनी टांगलेल्या घरांत होते. चॉक्टॉ आणि चिकासॉ या मूळ अमेरिकी जमातींचे लोक झोपडीजवळच्या झाडाच्या फांद्या छाटून, उरलेल्या खुंटांवर पोखरलेले भोपळे टांगत, अशी नोंद पक्षीशास्त्रज्ञ अलेक्झांडर विल्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला केली. त्यानंतर काही वर्षांनी पक्षीचित्रकार ऑड्युबन यांनी लिहिलं, की खेड्यापाड्यांतल्या खाणावळींच्या पाटीवर मार्टिनची पेटी असतेच आणि पेटी जितकी देखणी, तितकी खाणावळ चांगली निघते. भोपळ्यापासून पेटीपर्यंत दार गोलच होतं. पुढे त्याचं माप सतरा सूत, म्हणजे सव्वादोन इंचांना एक सूत कमी, असं रूढ झालं. त्या काळी एवढं पुरेसं होतं, कारण दारात उभा राहणारा मोठा दावेदार अजून त्या खंडात आलेला नव्हता.

तो 1890 मध्ये आला. युजीन शिफेलिन यांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये युरोपातून आणलेले साठेक स्टार्लिंग सोडले, पुढच्या वर्षी आणखी चाळीस. आज अलास्कापासून मेक्सिकोपर्यंत त्यांची वस्ती आहे. आपल्या साळुंकीच्या आणि हिवाळ्यात ज्वारीच्या शेतांवर थव्याने उतरणाऱ्या भोरडीच्या कुळातलाच हा पक्षी: दांडगा, हुशार, ढोलीत घरटं करणारा. चोच लांब आणि टोकदार. सतरा सुतांच्या गोल दारातून तो सहज आत जातो, आणि एकदा ताबा मिळाला की त्याला बाहेर काढणं मार्टिनच्या आवाक्यातलं नसतं.

तोड निघाली ती कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतात. चार्ल्स मॅकइवेन यांनी 1980 च्या दशकात दाराचा आकारच बदलला. गोलाच्या जागी अर्धचंद्र आला: तीन इंच रुंद, साडेनऊ सूत उंच, तळ सपाट आणि वर कमान. यामागचं शरीरशास्त्र नीट समजून घ्यावं असं आहे. दोन्ही पक्षी लांबीने जवळपास सारखेच, पण मार्टिनचे पाय अगदी आखूड असतात. ती छाती टेकवून, पंख अंगाशी चिकटवून सरपटत आत जाऊ शकते. स्टार्लिंग हा जमिनीवर चालून पोट भरणारा पक्षी. त्याचे पाय लांब आणि दणकट, छातीपासून पाठीपर्यंतची जाडी जास्त. दारासमोर तो उभा राहतो तोच मुळी कमानीहून उंच, आणि तेवढं चपटं होणं त्याला जमत नाही.

म्हणून उंचीइतकंच महत्त्व दार कुठे बसवलं आहे याला असतं. अर्धचंद्राचा तळ बाहेरच्या ओट्याला जवळजवळ लागून हवा. दार वर सरकलं, किंवा ओटाच नसला, की स्टार्लिंग खालून कडेला लोंबकळतो, अंग तिरकं करतो आणि ज्या उंचीने त्याला अडवायचं तीच निकामी होते. अनुभवी मंडळी एखाद्या वसाहतीत स्टार्लिंग घुसल्याचं ऐकलं, की आधी दार आणि ओटा यांच्यातलं अंतर मोजायला सांगतात. लाकूड पावसाने फुगतं, पातळ पत्रा वाकतो, आणि अर्धं सूत जायला तेवढं निमित्त पुरतं.

इथवरची गोष्ट यशाची आहे. पण अरुंद दारांचा वापर वाढला, तशी ज्याच्यासाठी दार केलं तोच पक्षी त्यात सापडू लागला. वसाहतीत मार्टिन एकमेकींच्या खोल्यांत डोकावतात, भांडतात. समजा एक मादी अर्धी आत गेली आणि आतल्या मालकिणीने हल्ला केला. ती मागे सरते, पण दाराच्या पलीकडे गेलेले खांदे एव्हाना थोडे उघडलेले असतात. पंखाचं मनगट आतल्या कडेला अडकतं. जितकी ओढ मागे, तितका पंख घट्ट. वेळेवर कोणी पाहिलं नाही, तर ती तिथेच मरते. पातळ पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या घरांत, जिथे दार म्हणजे पातळ भिंतीतली नुसती चीर असते, तिथे हा धोका विशेष.

उपाय दाराच्या जाडीत सापडला. दाराला मागेपुढे थोडी लांबी दिली, म्हणजे छोटा बोगदा केला, किंवा आतल्या बाजूलाही दाराच्या तळाशी समपातळीत फळी बसवली, की पक्ष्याचं अंग पुरतं पार होईपर्यंत पंख बरगडीशीच दाबलेले राहतात. उघडायला जागा नाही, तर अडकायलाही नाही. प्लॅस्टिकच्या भोपळ्यांना आता असे तयार बोगदे मिळतात. त्यांच्या ओट्यावर बारीक खाचा असतात, म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागावर आखूड पायांना पकड मिळावी. शत्रूला अडवणं हे दाराचं अर्धंच काम होतं, आणि उरलेलं अर्धं लक्षात यायला काही पक्ष्यांचे जीव गेले, ही यातली दुःखाची बाजू. म्हणूनच घर घेणाऱ्याने पहिला प्रश्न बोगद्याचा विचारावा. स्टार्लिंग अडतो का, हे त्यानंतर.

चिमणीपुढे मात्र कोणतंच दार चालत नाही. ब्रुकलिनमध्ये 1851 च्या सुमारास सोडलेली ही परदेशी चिमणी मार्टिनहून लहान, त्यामुळे मार्टिन जाईल तिथे ती जातेच. ती अंडी फोडते, खोल्या गवताने भरून टाकते. अमेरिकेत 1918 च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याचं संरक्षण चिमणीला किंवा स्टार्लिंगला नाही, त्यामुळे मार्टिनची घरं सांभाळणारे पालक त्यांची घरटी वारंवार काढून टाकतात. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे ऐकून धक्का बसेल. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीने याच चिमणीसाठी लाकडी घरटी लोकांच्या गॅलऱ्यांत पोचवली, आणि 20 मार्च 2010 पासून जागतिक चिमणी दिन सुरू झाला. चिमणीच्या घरट्याचं भोक साधारण 32 मिलिमीटरचं, म्हणजे सव्वा इंचाचं. त्याहून बरंच मोठं ठेवलं तर साळुंकीला वाट मिळते. पक्षी बदलले, बाजू बदलल्या, तरी दाराचं माप पक्ष्याच्या अंगावरून ठरतं, हे दोन्हीकडे सारखं.

जुन्या घरांचा प्रश्न मोठा आहे. इलिनॉयमधल्या ग्रिग्जव्हिल गावाने 1960 च्या दशकात मार्टिनची राजधानी म्हणून नाव कमावलं. तिथल्या जे. एल. वेड यांच्या कारखान्यातून ॲल्युमिनियमची घरं देशभर गेली आणि गावात 562 खोल्यांचा उंच मनोराही उभा राहिला. एक मार्टिन दिवसाला दोन हजार डास खाते, या प्रचाराने खपाला जोर आला. पक्षीशास्त्रज्ञ हर्बर्ट केल यांनी 1968 मध्ये तो दावा खोडून काढला: मार्टिन दिवसा उंचावर चरते, डास संध्याकाळी खाली फिरतात. पण घरं तर टांगली गेली होती, आणि त्यांची दारं गोल, खोल्या सहा इंच खोल. इतक्या उथळ खोलीत घुबडाचा पंजा दारातून थेट पिल्लांपर्यंत पोचतो. आता पालक दोन खोल्यांमधली भिंत काढून बारा इंचांची एक करतात आणि गोल दाराच्या जागी अर्धचंद्राची पट्टी बसवतात. सलग ओट्यावर आडवे अडसर लावतात, नाहीतर मोठी पिल्लं शेजारच्या दारात शिरून तिथल्या लहानग्यांचा घास पळवतात. साप आणि रॅकून चढू नयेत म्हणून खांबाला पत्र्याची नळी असते, आणि घर दोरीने खाली घेऊन दर आठवड्याला तपासता येतं. माणसाचा हात लागला म्हणून मार्टिन घरटं सोडत नाही.

दार बदलण्यात एक अडचण पक्ष्यांच्या सवयीची. गोल दाराला सरावलेली मार्टिन नव्या कमानीपुढे घुटमळते आणि कधी वसाहत सोडूनही जाते. म्हणून काही जण आधी थोडीच दारं बदलतात. काही जण घरटं बांधून होईपर्यंत थांबतात, कारण एवढी मेहनत झाल्यावर ती सहसा माघार घेत नाही, वाट शोधतेच. पहिले पक्षी फ्लोरिडात जानेवारीतच पोचतात, पेनसिल्व्हेनियात एप्रिलच्या सुमारास. दिवाळीच्या दिवसांत त्या ब्राझीलमध्ये असतात आणि उत्तरेतली घरं उतरवून ठेवलेली. खोल्या धुणं, वाकलेला पत्रा सरळ करणं आणि प्रत्येक दाराची उंची पट्टीने पुन्हा मोजणं, ही कामं याच महिन्यांत उरकायची असतात.