शिकारी मासा, भक्ष्य मासा

नांदूर मध्यमेश्वर (ता. निफाड): गोदावरी-कादवा संगमाजवळचा बंधारा, रामसर यादीतले महाराष्ट्रातले पहिले पाणथळ.

इथले शिकारी: मरळ, शिंगाडा. भक्ष्य: लहान मासे, रोहू-कटल्याची पिल्ले. भक्ष्य आटले की शिकाऱ्याची संख्याही सावरत नाही.

उलटा फेरा: शिकारी घटले की लहान मासे माजतात आणि शिकाऱ्यांचीच अंडी फस्त करतात. उदा. बाल्टिक समुद्रात स्प्रॅट हे लहान मासे कॉड या शिकारी माशाची अंडी खातात.

मरळ: नर-मादी पिल्लांच्या थव्याची राखण करतात. याच काळात जोडी जाळ्यात गेली, तर सगळा थवा उघडा पडतो.

बोटुकली: बोटाएवढे पिल्लू. जलाशयात मत्स्यजिऱ्यांऐवजी (अगदी लहान पिल्लांऐवजी) हीच सोडणे चांगले. शिकाऱ्यापासून जास्त वाचतात.

थाई मांगूर: मूळचा आफ्रिकेतला, खादाड शिकारी. भारतात संवर्धनावर बंदी.