बिली हॉलिडेची प्रेमगीते

श्रोतेहो, भजनाला बसलेले बुवा आपण सर्वांनी पाहिले आहेत. टाळ-मृदंगाचा ठेका सरळ चाललेला असतो. बुवा मात्र एखादा शब्द रेंगाळत, मागे ठेवून म्हणतात. आता चुकणार असे वाटते, तोच ते नेमके समेवर येतात आणि मंडळी माना डोलावतात. हा अनुभव मनाशी धरा, म्हणजे सातासमुद्रापलीकडच्या एका गायिकेचे मोठेपण समजायला अवघड जाणार नाही. तिचे नाव बिली हॉलिडे.

बिलीचा जन्म १९१५ सालचा, अमेरिकेतला. बाल्टिमोर शहरात ती गरिबीत वाढली. गाण्याची रीतसर तालीम तिला मिळाली नाही. बेसी स्मिथ आणि लुई आर्मस्ट्राँग यांच्या तबकड्या ऐकून तिचा कान तयार झाला. १९३५ पासून पियानोवादक टेडी विल्सन यांच्या संचाबरोबर तिने जी गाणी ध्वनिमुद्रित केली, त्यांनी तिचे नाव झाले.

आता गंमत पाहा. त्यांतली बरीचशी गाणी म्हणजे बाजारातली साधी प्रेमगीते. तो आला, तो गेला, त्याच्यावाचून करमत नाही, एवढाच मजकूर. शब्द दुसऱ्याचे, चालही दुसऱ्याची. बरे, आवाज तरी मोठा? तोही नाही, एका सप्तकाहून थोडा अधिक, एवढाच त्याचा पल्ला. मग लोक ती गाणी अजून का ऐकतात?

एक कारण मायक्रोफोनचे. बेसी स्मिथ तंबूत गात, तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवावा लागे. १९२५ च्या सुमारास विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण होऊ लागले आणि हळू आवाजही तबकडीवर उतरू लागला. बिलीने हे ओळखले. प्रेमाची गोष्ट कोणी चावडीवर ओरडून सांगत नाही. तीही एकाच माणसाच्या कानाशी बोलल्यासारखी गाते.

दुसरे कारण लयीचे. वाद्ये पुढे जातात, तिचा शब्द मागून येतो. मनातले सांगावे की नको, म्हणून आपण बोलताना थबकतो ना, तसा. चालीतले चढउतारही ती कमी करते, म्हणून गाणे बोलण्याच्या जवळ येते. १९३७ पासूनच्या काही गाण्यांत लेस्टर यंग यांचा सॅक्सोफोन तिला साथ देतो. दोन जिवलग माणसे गप्पा मारीत बसल्यासारखे वाटते.

पुष्कळजण म्हणतात, तिचे आयुष्य दुःखात गेले, म्हणून गाणे असे झाले. दुःख होते, हे खरेच. व्यसन जडले, तुरुंगवास घडला, आणि १९५९ साली वयाच्या ४४ व्या वर्षी ती गेली. पण दुःख भोगणारी माणसे जगात थोडी का आहेत? नुसत्या दुःखाने गाणे येत नाही. केवळ कीव करून ऐकले, तर तिने मेहनतीने कमावलेल्या कलेवर अन्याय होतो. १९५८ सालची ‘लेडी इन सॅटिन’ ही तबकडी ऐका. आवाज चिरकलेला आहे, खरखरीत झाला आहे. पण शब्द कुठे ठेवायचा, ती जागा हुकलेली नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात एक प्रयोग करून पाहा. एखादी कविता मुलांकडून प्रथम ठेक्यावर म्हणून घ्या. मग तीच कविता एका जवळच्या माणसाला सांगतो आहोत, असे समजून म्हणायला सांगा. फरक त्यांच्या लगेच ध्यानात येईल. त्यानंतर बिलीचे एखादे गाणे ऐकवा. इंग्रजी शब्द कळले नाहीत तरी काय चालले आहे, ते मुलांना कळेल.