चॉकलेटचे माप: कोकोच्या बागेपासून उष्मांकांच्या हिशेबापर्यंत

कोकोचे फूल फांदीच्या टोकावर येत नाही. ते थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर उमलते. जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर आकाराच्या या फुलाकडे मधमाशी सहसा फिरकत नाही. त्याचे परागीभवन प्रामुख्याने फोर्सिपोमिया प्रजातीतील मिज या दोन-तीन मिलिमीटर लांबीच्या माश्या करतात. उमललेल्या फुलाचे एक-दोन दिवसांत परागीभवन झाले नाही, तर ते गळून पडते. शंभर फुलांमागे पाच फळे धरली तरी ते चांगलेच प्रमाण मानावे लागते. धरलेले फळ पक्व होण्यास पाच ते सहा महिने लागतात आणि त्यातून सुमारे 35 ते 40 बिया मिळतात. वाळलेली एक बी साधारण एक ग्रॅम वजनाची असते.

सत्तर टक्के कोको असलेल्या वीस ग्रॅमच्या चॉकलेट वडीत चौदा ग्रॅम कोको असतो. टरफल आणि भाजण्यातील घट वजा केल्यास त्यासाठी सोळा-सतरा बिया लागतात, म्हणजे जवळजवळ अर्धे फळ. सहा महिन्यांत तयार झालेले हे अर्धे फळ अर्ध्या मिनिटात संपते. चॉकलेट खाण्याला जे माप लावायचे, त्याचा विचार या जाणिवेपासून सुरू करता येतो.

भारतातील कोको

कोको हे मूळचे अमेरिका खंडातील पीक. कार्ल लिनिअस याने 1753 मध्ये त्याला 'थिओब्रोमा' म्हणजे 'देवांचे अन्न' हे प्रजातीनाम दिले. भारतात ते अठराव्या शतकाच्या अखेरीस आले, परंतु व्यापारी लागवडीने वेग घेतला तो 1970 च्या दशकात. आज आंध्र प्रदेश, केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडू या चार राज्यांत नारळ, सुपारी व तेलताडाच्या बागांमध्ये आंतरपीक म्हणून कोको घेतला जातो. कर्नाटकातील विट्टल येथील केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेचे केंद्र आणि केरळ कृषी विद्यापीठ यांनी या पिकाच्या जाती व लागवडपद्धती विकसित केल्या. दक्षिण कन्नड जिल्ह्यातील पुत्तूर येथे सुपारी-कोको उत्पादकांच्या 'कॅम्पको' या सहकारी संस्थेचा चॉकलेट कारखाना 1986 पासून चालू आहे. तरीही देशाची कोकोची गरज देशी उत्पादनातून भागत नाही आणि मोठा वाटा आयात करावा लागतो.

चॉकलेट ही केवळ शहरी चैन राहिलेली नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. गावातील किराणा दुकानात ते सहज मिळते. वाढदिवस, परीक्षेचा निकाल, पाहुण्यांचे आगमन अशा प्रत्येक निमित्ताने पेढ्याच्या जोडीला चॉकलेट येते. दुसरीकडे, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह असून 13 कोटी 60 लाख लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. यंत्रांमुळे शेतातील अंगमेहनत कमी झाली, आहारातील साखर मात्र कमी झाली नाही. म्हणूनच चॉकलेटवर बंदी घालण्यापेक्षा त्याचे माप शिकणे अधिक उपयोगाचे आहे.

उष्मांक येतात कोठून?

एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून 9, तर एक ग्रॅम कर्बोदकापासून किंवा प्रथिनापासून 4 किलोकॅलरी ऊर्जा मिळते. कोकोच्या बीच्या गराचा निम्म्याहून थोडा अधिक भाग कोको बटर, म्हणजे स्निग्ध पदार्थच असतो. त्यात साखर मिसळली की चॉकलेट हा अतिशय ऊर्जाघन पदार्थ बनतो. वीस ग्रॅम वजनासाठी ढोबळ हिशेब असा मांडता येतो:

• गडद चॉकलेट (70 ते 85 टक्के कोको): सुमारे 120 किलोकॅलरी, स्निग्ध पदार्थ 8 ते 9 ग्रॅम, साखर सुमारे 5 ग्रॅम.

• दुधाचे चॉकलेट: सुमारे 107 किलोकॅलरी, स्निग्ध पदार्थ सुमारे 6 ग्रॅम, साखर सुमारे 10 ग्रॅम.

• पांढरे चॉकलेट: सुमारे 108 किलोकॅलरी, साखर सुमारे 12 ग्रॅम. यात कोको बटर असते, पण कोकोचा तपकिरी भाग मुळीच नसतो.

गडद चॉकलेट 'हलके' असते, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. साखर निम्मी असूनही त्याचे उष्मांक दुधाच्या चॉकलेटपेक्षा अधिक भरतात, कारण कोकोसोबत कोको बटरही वाढते. मग गडद चॉकलेटचा लाभ कोणता? एक तर साखर कमी जाते. दुसरे म्हणजे, त्याच्या कडवट, भरीव चवीमुळे अनेकांचे दोन तुकड्यांत समाधान होते. मात्र 'कडू आहे म्हणून चालते' असे म्हणून संपूर्ण वडी संपवणाऱ्याला यातील कोणताच लाभ मिळत नाही.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या स्त्रीची दैनंदिन ऊर्जेची गरज सुमारे 1,660, तर मध्यम श्रम करणाऱ्या स्त्रीची 2,130 किलोकॅलरी आहे. पुरुषांसाठी हेच आकडे 2,110 आणि 2,710 आहेत. शंभर ग्रॅमची गडद चॉकलेटची वडी सुमारे 600 किलोकॅलरी देते. म्हणजे बैठे काम करणाऱ्या स्त्रीच्या दिवसभराच्या गरजेचा एक तृतीयांशाहून अधिक भाग एका वडीतच संपतो. त्याच वडीतील वीस ग्रॅम मात्र तिच्या दिवसाच्या हिशेबात सात टक्के जागा घेतात. ही जागा करून देणे अवघड नाही.

जागा कशी करावी?

उष्मांक मोजणे म्हणजे प्रत्येक घासाची वही ठेवणे नव्हे. जमाखर्चाप्रमाणे एक बाब वाढली की दुसरी कमी करणे, एवढेच त्याचे सार आहे. ग्रामीण घरांत साखरेचा मोठा खर्च चहावर होतो. एका कपात दोन लहान चमचे, म्हणजे सुमारे दहा ग्रॅम साखर धरली, तर चार कपांतून 40 ग्रॅम साखर आणि 160 किलोकॅलरी पोटात जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शनानुसार अशा मुक्त साखरेपासून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, आणि पाच टक्क्यांहून कमी असल्यास अधिक चांगले. दोन हजार किलोकॅलरींच्या आहारात हे प्रमाण अनुक्रमे 50 आणि 25 ग्रॅम होते. चार कप गोड चहा पिणाऱ्याने दुधाचे चॉकलेट खाण्यापूर्वी दोन कपांतील साखर निम्मी करावी. वीस ग्रॅमच्या तुकड्यातील साखर तेवढ्यानेच भरून निघते.

कोको पूड हा आणखी एक पर्याय आहे. कोको बटर बऱ्याच अंशी काढून घेतल्यावर उरलेल्या पेंडीपासून ती बनते. पाच ग्रॅमच्या चमचाभर बिनसाखरेच्या पुडीत केवळ 11 ते 12 किलोकॅलरी असतात. दीडशे मिलिलिटर गाईच्या दुधात ही पूड आणि एक लहान चमचा साखर घालून केलेला पेला सुमारे 130 किलोकॅलरींचा होतो, आणि त्यातून दुधाची प्रथिने व कॅल्शियमही मिळते. बाजारात 'चॉकलेट पेय' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक भुकट्यांत मात्र पहिला घटक साखर असतो. दोहोंतील फरक वेष्टन वाचल्याशिवाय कळत नाही.

वेष्टन काय सांगते?

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. यादीत साखर पहिली असेल, तर त्या पदार्थात साखरच सर्वाधिक आहे. कोको बटरऐवजी वनस्पतिजन्य चरबी वापरलेला पदार्थ 'कंपाउंड' या वर्गात मोडतो. तो स्वस्त असतो, लवकर वितळत नाही, पण त्यात कोको बटरची चव नसते आणि उष्मांकांतही बचत होत नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार पोषण तक्त्यात एकूण साखर आणि मिसळलेली साखर वेगवेगळी दाखवावी लागते. दुधाच्या चॉकलेटमध्ये दुधातील नैसर्गिक साखरही असल्याने हा भेद महत्त्वाचा ठरतो. 'प्रति वाटा' दिलेले आकडे पाहताना कंपनीने वाटा किती ग्रॅमचा धरला आहे, हेही तपासावे.

'साखरविरहित' चॉकलेटबाबत विशेष सावधगिरी हवी. त्यात साखरेऐवजी अन्य गोडवा देणारे घटक असतात, पण कोको बटर तसेच राहते. त्यामुळे ते उष्मांकविरहित ठरत नाही. मधुमेही व्यक्तीने त्याचे प्रमाण डॉक्टरांच्या किंवा आहारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच ठरवावे.

चॉकलेट हे औषध असल्याचे दावेही जपून स्वीकारावेत. कोकोतील फ्लॅव्हॅनॉल या घटकांवर अमेरिकेत 21,442 ज्येष्ठ व्यक्तींवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. हृदय व रक्तवाहिन्यांशी संबंधित एकूण आजारांत लक्षणीय घट दिसली नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र कमी आढळले. ही चाचणी कोको अर्काच्या कॅप्सूलची होती, चॉकलेटच्या वड्यांची नव्हे. चॉकलेट आनंदासाठी खावे. आरोग्याचे कारण पुढे करून त्याचे प्रमाण वाढवू नये.

साखरेची मात्रा बागेतही ठरते

साखर कारखान्यात मिसळली जाते, हे खरे. परंतु ती किती मिसळावी लागेल, याचा काही निर्णय शेतकऱ्याच्या अंगणातच होतो. ताजी कोको बी अत्यंत कडू आणि तुरट असते. चॉकलेटचा ओळखीचा स्वाद तिच्यात नसतो. तो आंबवण्याच्या प्रक्रियेत घडू लागतो. बियांभोवतीच्या पांढऱ्या गोड गरावर प्रथम किण्व वाढतात आणि साखरेचे अल्कोहोल करतात. नंतर जिवाणू त्याचे ॲसिटिक आम्लात रूपांतर करतात. ढिगाचे तापमान 45 ते 50 अंश सेल्सिअसपर्यंत चढते, बीचा अंकुर मरतो, पेशी फुटतात, तुरट पॉलिफिनॉलांचे प्रमाण घटते आणि भाजल्यावर स्वाद देणारे घटक तयार होतात.

अर्धवट आंबलेल्या बीचा कडवटपणा झाकण्यासाठी चॉकलेट बनवणाऱ्याला साखर, दूध आणि कृत्रिम स्वाद यांचा आधार घ्यावा लागतो. उत्तम आंबलेल्या बीपासून कमी साखरेतही रुचकर वडी बनते. ग्राहकाच्या उष्मांकांचा हिशेब आणि उत्पादकाची गुणवत्ता ही एकाच साखळीची दोन टोके आहेत.

लहान बागायतदारास बांबूच्या टोपलीची पद्धत सोयीची आहे. टोपलीच्या तळाशी केळीची पाने अंथरून पाझरणारा रस निघून जाण्यास वाट ठेवावी. ओल्या बिया भरून वर पाने झाकावीत आणि दुसऱ्या दिवशी गोणपाट घालावे. तिसऱ्या व पाचव्या दिवशी बिया वरखाली कराव्यात आणि सहा दिवस पूर्ण झाल्यावर वाळवण्यास काढाव्यात. अंतिम ओलावा सहा ते सात टक्के असावा. ओलावा अधिक राहिल्यास बुरशी येते आणि साठवणीतील पतंगांच्या अळ्यांचा उपद्रव वाढतो. वाळलेल्या शंभर बिया उभ्या कापून पाहाव्यात. आतील रंग तपकिरी आणि गर भेगाळलेला असेल, तर आंबवण नीट झाले. पाटीसारखा राखाडी, घट्ट गर ते झाले नसल्याची खूण आहे. ओल्या बिया लगेच विकणाऱ्या शेतकऱ्याच्या हातून गुणवत्तेवरील हे नियंत्रण निसटते.

याच्याही आधीचा दुवा म्हणजे मिज. तिच्या अळ्या कुजणाऱ्या ओलसर पाल्यात, केळीच्या खुंटात आणि कोकोच्या टाकून दिलेल्या सालींत वाढतात. बाग झाडून चकचकीत ठेवणे आणि पाला जाळणे म्हणजे परागीभवन करणाऱ्या कीटकाचे घर मोडणे होय. फळकूज झालेली फळे मात्र बागेबाहेर नेऊन नष्ट करावीत. ढेकण्या किंवा पिठ्या ढेकूण दिसताच सरसकट फवारणी न करता प्रादुर्भावाची पाहणी करून, शिफारशीनुसार आणि आवश्यक तेथेच कीटकनाशक वापरावे.

2024 मध्ये जागतिक बाजारात कोकोचा दर टनामागे दहा हजार डॉलरच्या पुढे गेला. घाना आणि आयव्हरी कोस्ट या देशांतील उत्पादन घटण्यामागे हवामानाबरोबरच रोगांचाही वाटा होता. त्यांतील खोड फुगवणारा विषाणुजन्य रोग पिठ्या ढेकणांमार्फत पसरतो. कोको महागला की वडीचा आकार कमी करण्याचा किंवा तिच्यातील कोकोची जागा स्वस्त चरबी आणि साखरेने भरण्याचा मोह उद्योगाला होतो. अशा काळात वेष्टन वाचणारा ग्राहक आणि बी नीट आंबवणारा शेतकरी, दोघांचेही महत्त्व वाढते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

• महिला बचत गटांच्या चॉकलेट प्रशिक्षणात साचे आणि सजावटीबरोबर चॉकलेट व कंपाउंड यांतील फरक शिकवावा. दहा किंवा वीस ग्रॅमचे साचे वापरावेत, म्हणजे माप आपोआप पाळले जाते.

• प्रात्यक्षिकात वीस ग्रॅमच्या तुकड्यासमोर त्यातील साखर चमच्यांनी मोजून ठेवावी. आकड्यांपेक्षा ती लवकर समजते.

• कोको उत्पादकांच्या मेळाव्यात उत्तम आणि अर्धवट आंबलेल्या बियांपासून केलेले, समान साखरेचे नमुने चाखायला द्यावेत. अनेक उत्पादकांनी आपल्या बियांचे चॉकलेट कधी चाखलेलेच नसते.

• वडी एकट्याने पाकिटातून खाण्याऐवजी तुकडे करून ताटलीत काढावी, घरातील सर्वांनी जेवणानंतर वाटून घ्यावी आणि उरलेली हवाबंद डब्यात ठेवावी. कोको बटर सुमारे 34 अंशांना वितळते, त्यामुळे तुकडा न चावता जिभेवर विरघळू द्यावा. चव अधिक वेळ टिकते आणि कमी प्रमाणात समाधान होते.

पाल्यात वाढलेली इवलीशी माशी, सहा महिने फळाला जपणारा बागायतदार आणि सहा दिवस टोपलीची राखण करणारी घरातील माणसे यांच्या श्रमांतून चॉकलेटची एक वडी आकाराला येते. ती चवीने आणि मोजून खाल्ली, तर त्या श्रमांचा मान राहतो आणि शरीराचा हिशेबही बिघडत नाही.