फळीवर उभा एकटा माणूस : जॉन हार्टफर्डचे एकल कार्यक्रम

आज आपण सुरुवात करणार आहोत ती प्लायवूडच्या एका फळीपासून. साधीच फळी, पण तिचा आवाज लाउडस्पीकरवर घेतलेला. तिच्यावर डोक्याला बोलर हॅट घातलेला एक माणूस उभा आहे. तो फिडल वाजवतोय, गातोय आणि त्याच वेळी पायांनी नाचतोय. हा अमेरिकेतला गीतकार-संगीतकार जॉन हार्टफर्ड.

यात विशेष काय, असं कोणी विचारेल. त्यासाठी ब्लूग्रास म्हणजे काय ते आधी थोडक्यात पाहू. बिल मन्रो यांच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या बँडवरून या संगीताला नाव मिळालं. म्हणजे नावातच बँड आहे! मँडोलिन, बँजो, फिडल, गिटार आणि उभा डबल बेस. चार मात्रांतल्या पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर बेस, तर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मँडोलिनचा तुटक 'चक्'. तबला नाही, ड्रम नाही; ताल वाद्यांनी आपसांत वाटून घेतलेला असतो. ध्रुवपद आलं की दोघंतिघं वरखालच्या सुरांत साथ देतात.

आता यातली बाकीची माणसं काढून टाका. काय उरतं? गाणं उरतं, पण जमीन जाते. ती जमीन हार्टफर्डनं अक्षरशः पायाखाली आणली. टाच आणि चवडा यांच्या आघातांतून बेसचं आणि मँडोलिनचं काम निघू लागलं. ऐकायला सोपं वाटतं, पण हाताची लय एक, गाण्यातल्या शब्दांची दुसरी आणि पायांची तिसरी, हे सगळं एकाच माणसाला सांभाळायचं. त्यात फिडल हनुवटीखाली दाबली तर तोंड नीट उघडत नाही, ही वेगळीच पंचाईत. (हे घरी करून बघा, खोटं वाटत असेल तर.)

एकट्यानं उभं राहायची मुभा त्याला दिली एका गाण्यानं. 'जेंटल ऑन माय माइंड' हे १९६७ साली त्यानं लिहून रेकॉर्ड केलेलं गाणं. ग्लेन कॅम्पबेलनं ते गायलं आणि पुढे शेकडो गायकांनी. त्याच्या मानधनावर हार्टफर्डला हवं तसं जगता आलं. बाजाराला आवडेल तेच पुन्हा लिहायची सक्ती उरली नाही. त्यानं नदीवरच्या आगबोटी चालवायचं शिक्षण घेतलं, परवाना काढला. त्या गाण्याची घडणही आमच्या मते सूचक आहे. त्यात वेगळं ध्रुवपद नाही. लांबलचक ओळी एका दमात वाहत जातात, साथीदारांनी आत शिरावं अशी जागाच कमी. बँड सोडून जाणारा माणूस त्या रचनेत आधीच बसलेला होता, असं आम्हाला वाटतं.

१९७६ चा 'मार्क ट्वँग' हा अल्बम म्हणजे या एकल पद्धतीचा उत्तम पुरावा. नावात मार्क ट्वेनची कोटी आहे. तोही मिसिसिपीवरचा बोट-चालक. हार्टफर्ड एकटा, हातात वाद्य, पायाखाली फळी. एका गाण्यात उन्हात तापून वाकलेल्या रेकॉर्डची नक्कल तो नुसत्या तोंडानं करतो. शब्द अडतात, घसरतात. स्टुडिओची करामत वाटावी असं, पण करामत घशाची. या अल्बमला ग्रॅमी मिळालं, पारंपरिक संगीताच्या गटात. स्वतःच्या नव्या गाण्यांना 'पारंपरिक' म्हणून पारितोषिक, ही गंमत बघा.

पण या पद्धतीत एक धोका असतो. बँडमध्ये एकाचा हात दुखला तर दुसरा सावरून घेतो. इथे शरीर हेच सगळं बिऱ्हाड. हार्टफर्डला लसिका ग्रंथींचा कर्करोग होता आणि तो आजार अंगावर घेऊन तो वर्षानुवर्षं कार्यक्रम करत राहिला. एप्रिल २००१ मध्ये टेक्साससारख्या दूरच्या दौऱ्यावर असताना त्याच्या लक्षात आलं, की हात आता आपलं ऐकत नाहीत. कार्यक्रम तिथेच संपले. ४ जून २००१ रोजी तो गेला, वय ६३.

आता 'मार्क ट्वँग'मधलं एक गाणं आपण ऐकू. पहिल्यांदा शब्दांकडे लक्ष देऊ नका, नुसते पाय ऐका. मग तेच पुन्हा लावू.